समुद्राला वारा घालताना

अलिबागमध्ये राहून घरात खाऱ्या पाण्याची काचेची टाकी ठेवणाऱ्या माणसाबद्दल गावात फारसं बरं बोललं जात नाही. तोंडावर कोणी वेडा म्हणत नाही. कोकणातली माणसं त्यापेक्षा जास्त लागेल असं काहीतरी साळसूदपणे विचारतात. ‘बाहेरचा संपला का?’ हा प्रश्न मला गॅस सिलिंडर घेऊन येणाऱ्या पोरापासून आमच्या डॉक्टरांपर्यंत सगळ्यांनी विचारून झालाय. बाहेरचा म्हणजे समुद्र.

त्यांचं काही चुकत नाही. आमच्या गच्चीवरून कुलाबा किल्ला दिसतो. भरतीला तो पाण्यात उभा असतो, ओहोटीला त्याच्यापर्यंत चालत जाता येतं, आणि हा सगळा कारभार रोज दोनदा, एक पैसा न घेता, कुठलाही पंप न लावता चालतो. मी मात्र हॉलमध्ये दोनशे लिटरचा समुद्र मांडून त्याला दोन पंप, एक फिल्टर आणि एक दिवा लावून बसलोय. माझ्या समुद्राला भरती येत नाही. एप्रिल उजाडला की ताप मात्र येतो.

त्यातून हा समुद्र समुद्रातून आणलेला नाही, हे कळलं की विचारणाऱ्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. अंबा, पाताळगंगा, कुंडलिका या नद्यांच्या खाड्या आमच्या किनाऱ्यावर गाळ आणून ओततात. पाणी बाराही महिने गढूळ, आणि पावसाळ्यात इतकं गोडं मिसळतं की त्याच्या खारटपणाचा भरवसा धरता येत नाही. म्हणून मीठ पाकिटातून येतं. स्वयंपाकघरातल्या फिल्टरचं पाणी घ्यायचं, त्यात लिटरला पस्तीस ग्रॅमच्या हिशोबाने ते महागडं मीठ विरघळवायचं, की झाला समुद्र तयार. पेण-उरणच्या मिठागरांत माणसं समुद्र वाळवून मीठ काढतात. त्याच जिल्ह्यात मी मीठ विकत घेऊन समुद्र करतो. दोघांपैकी कोणाचा धंदा शहाणपणाचा, हे सांगायला अर्थतज्ज्ञ नको.

या वेडाचं मूळ तारापोरवाला मत्स्यालयात आहे. १९५१ साली ते मरीन ड्राइव्हवर उघडलं आणि त्यानंतर रायगडातल्या किती पोरांना रेवसच्या लाँचने भाऊच्या धक्क्याला नेऊन तिथे उभं केलं गेलं असेल! आम्हीही गेलो होतो. रस्त्याच्या एका बाजूला अख्खा अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला तिकीट काढून बघायचा समुद्र, आणि रांग दुसऱ्या बाजूला. माणूस फुकटच्या समुद्राकडे पाठ करून भेळ खातो आणि काचेमागच्या समुद्रासमोर तोंड उघडं टाकून उभा राहतो. मी त्यातलाच.

आमच्या टाकीत दोन क्लाउनफिश आहेत. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे. २००३ साली आलेल्या ‘फाइंडिंग निमो’ या चित्रपटापासून लहान मुलं त्यांना दुसऱ्या नावाने ओळखतच नाहीत. शिवाय एक निळा डॅमसेल, एक झिंगा आणि शंख पाठीवर घेऊन भाड्याच्या घरात राहणारे दोन-तीन खेकडे. क्लाउनफिशची पिल्लं बंदिस्त जागेत वाढवण्याचं तंत्र आपल्याकडे केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्थेने कधीच बसवलंय, त्यामुळे माझे दोघे हॅचरीत जन्मलेले. म्हणजे त्यांनी समुद्र पाहिलेला नाही. गच्चीवर नेऊन दाखवावा असं मुलीचं म्हणणं आहे. या माशांत सगळे जन्मतात नर म्हणून, आणि जोडीतला थोरला पुढे मादी होऊन कारभार हातात घेतो. हे आईला सांगितलं तेव्हा ती शेंगा सोलता सोलता एवढंच म्हणाली, ‘शहाणे आहेत.’

तर मुद्दा तापाचा. हा छंद मुळात थंड देशातला. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यालय उघडलं, पुढच्याच वर्षी फिलिप गॉस या निसर्ग अभ्यासकाचं त्यावरचं पुस्तक आलं आणि इंग्लंडमधल्या खात्यापित्या घरांच्या दिवाणखान्यांत काचेच्या टाक्यांची साथच पसरली. पुढे उष्ण समुद्रातले मासे त्या घरांत आले तेव्हा त्या लोकांना पडलेला प्रश्न होता तो पाणी गरम कसं ठेवायचं हा. त्या प्रश्नाचं उत्तर आजही जगभर खोक्यात भरून पाठवलं जातं. अलिबागला आलेल्या माझ्या टाकीबरोबरसुद्धा एक हीटर आला. मी तो माळ्यावर ठेवून दिला. एप्रिलमध्ये तिथे तो न लावताच गरम असतो.

पुस्तकं म्हणतात, पाणी २५-२६ अंशांवर ठेवा. एप्रिलच्या मध्यावर आमच्या काचेवरचा थर्मामीटर तीस दाखवतो. यात उन्हाचा वाटा असतो तसा आमचाही असतो, कारण पाण्यात बुडवलेला पंप जेवढी वीज खातो ती सगळी शेवटी उष्णता होऊन पाण्यातच उतरते. दिव्याचं निम्मंअधिक तेच. म्हणजे मासे जगावेत म्हणून लावलेली यंत्रं त्यांना मंद आचेवर ठेवत असतात.

माशाला घाम येत नाही, जीभ बाहेर काढून धापा टाकता येत नाहीत, सदरा काढून बसता येत नाही. त्याची खरी अडचण उकाड्यापेक्षा श्वासाची असते. २५ अंशांच्या समुद्राच्या पाण्यात लिटरमागे पावणेसात मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो. ३० अंशांवर तो सव्वासहाच्या खाली उतरतो. फरक किरकोळ वाटेल, पण त्याच वेळी गरम पाण्यात माशाच्या शरीराची चूल जोरात पेटलेली असते आणि तिला हवा जास्त लागते. गरज वाढते तेव्हाच पुरवठा घटतो. मग कल्ले भराभर हलायला लागतात आणि मासे पंपाचं पाणी जिथे खळखळून पडतं त्या कोपऱ्यात गोळा होतात. त्याच सुमारास आम्ही सगळे छताच्या पंख्याखालच्या चौकोनात गोळा झालेलो असतो. दुपारी तीन वाजता आमच्या हॉलमध्ये एखादा परका माणूस आला तर त्याला दोन कुटुंबं दोन कोपऱ्यांत दाटीवाटीने, काही न बोलता, आ वासून बसलेली दिसतील.

यावर पहिला उपाय पंखा. जुन्या कॉम्प्युटरमधला बारा व्होल्टचा टीचभर पंखा टाकीच्या काठावर तिरका बसवायचा, काचेचं झाकण काढून तिथे जाळी टाकायची (माशांना उडी मारायची हौस असते, आणि टाकीबाहेर काय आहे याची कल्पना नसते), आणि पाण्याच्या पृष्ठभागावर वारा सोडायचा. वारा पाण्याला गार करत नाही, तो पाण्याची वाफ पळवतो, आणि वाफ जाताना उष्णता घेऊन जाते. माठाचं शास्त्र ते हेच. एक लिटर पाणी उडून जाताना साधारण २,४०० किलोज्यूल उष्णता नेतं. दोनशे लिटर पाणी एका अंशाने तापवायला सुमारे ८४० किलोज्यूल लागतात. म्हणजे टाकीतलं एक लिटर पाणी उडालं की जवळजवळ तीन अंशांची उष्णता त्याच्या पाठीवर बसून गेली. कागदावर हा हिशोब इतका सुरेख दिसतो की चिलर विकणाऱ्यांची दया येते.

हिशोबात एक भिडू मात्र धरावा लागतो, तो म्हणजे हवा. वाफ घ्यायची की नाही हे तिने ठरवायचं. आणि आमच्या किनाऱ्यावरच्या हवेचं पोट आधीच भरलेलं असतं.

हे मला शिकवलं नागपूरच्या मेहुण्याने. त्याच्याकडेही अशीच टाकी आहे. तिथले त्याचे शेजारी त्याला काय विचारतात कोण जाणे. बाहेरचा संपला का, असं तर विचारू शकत नाहीत. मे महिन्यात त्याचा फोन येतो तो विचारपूस करायला नसून आकडा ऐकवायला असतो.

‘काय भाऊजी, पाणी कितीवर?’

‘एकोणतीस.’

‘बाप रे! आमचं पंचवीसवर आहे ना. बाहेर चव्वेचाळीस आहे.’

‘चिलर घेतलास?’

‘चिलर कायले? पंखा आहे ना तो. कॉम्प्युटरमधला.’

तोच पंखा, तेवढीच टाकी, आणि बाहेर आमच्यापेक्षा अकरा अंश जास्त. मला ते खोटंच वाटलं होतं. पण थर्मामीटरच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळून त्यावर वारा घातला तर पारा उतरत उतरत जिथे थांबतो, त्याच्या खाली कुठलाही पंखा पाण्याला नेऊ शकत नाही. हवा ४४ अंश आणि तिच्यातली आर्द्रता पंधरा टक्के असेल, तर हा तळ येतो २३ अंशांच्या आसपास. आमच्याकडे हवा ३३ अंशच, पण आर्द्रता पासष्ट टक्के; तळ साडेसत्तावीसला. त्यात पंपांची आणि दिव्याची भर घातली की तो पंचवीसवर आणि मी एकोणतीसवर, हे अगदी बरोबर जुळतं. नागपुरात घराघरांत कूलर घोंगावतात आणि अलिबागेत कूलर लावला तर भिंतींना बुरशी येते, याचं कारण तेच. तिथल्या माठातलं पाणी दाताला लागतं. आमच्या माठातलं पाणी नुसतं समजूत काढतं.

तेव्हा निष्कर्ष असा की प्रवाळबेटावरच्या माशाला महाराष्ट्रात कमी खर्चात उन्हाळा काढायचा असेल, तर त्याने समुद्रापासून शक्य तितकं लांब जाऊन विदर्भात राहावं. एवढंही लांब जायला नको म्हणा. आमच्याच जिल्ह्यात, डोंगराच्या कुशीतल्या भिऱ्याला मार्च २०१७ मध्ये ४६.५ अंशांची नोंद झाली होती आणि वर्तमानपत्रांनी ती छापली होती. त्या कोरड्या भट्टीत माझा पंखा काय चालला असता, या विचाराने मला अजूनही हेवा वाटतो. इथे दुपारी सुटणारं खारं वारं माणसाला बरं वाटतं, पण ते ओलं घोंगडं घेऊनच येतं. पहाटे जमिनीवरून मतलई सुटली तर अर्धा अंश पदरात पडतो. मे महिन्यात तिचाही मूड नसतो.

उडणाऱ्या पाण्याची दुसरी गोष्ट अशी की ते एकटं जातं. मीठ मागेच राहतं. रोज पातळी खाली येते आणि उरलेलं पाणी आणखी खारट होतं, म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची. हे आईला पटवताना मला घाम फुटला, आणि तो वाळलाही नाही. ‘खाऱ्या पाण्यातले मासे ना? मग गोडं कशाला ओततोस? मरतील.’ तिला मी मिठागराचं उदाहरण दिलं, वाफेचं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि मी बाहेर गेल्यावर माशांची दया येऊन चिमूटभर मीठ टाकायला निघाली. मुलीने अडवलं म्हणून बरं. ते मीठ आयोडीनवालं होतं की साधं, यावर पुढे दोघींची बराच वेळ चर्चा झाली.

आणि काही मीठ मागेही राहत नाही. बुडबुडे फुटताना उडालेल्या बारीक तुषारांचं मीठ होऊन ते टाकीच्या काठावर, पंख्याच्या पात्यांवर, मागच्या भिंतीवर पांढरं चढत जातं. टीव्हीच्या मागच्या खोबणी गंजल्या. भिंतीचा रंग फुगून आला. समुद्राकाठच्या घराला खारी हवा बाहेरून खातेच. आमच्या घराला ती आतूनही खाते. रंगारी म्हणाला, ‘साहेब, असं घर मी पहिल्यांदा बघतोय ज्याला दोन्हीकडून समुद्र आहे.’

दुसरा उपाय बर्फ. पाण्याच्या बाटल्या फ्रीजरमध्ये गोठवून टाकीत सोडायच्या. एका मे महिन्यात वीज सारखी जात होती, घरातला बर्फ होईना, म्हणून मी बंदरावर गेलो. मासेमारीच्या होड्यांसाठी तिथे बर्फाच्या लाद्या येतात, त्या फोडून खणांत भरतात. मी पिशवी घेऊन उभा. ओळखीच्या मावशी होत्या, पाटी खाली ठेवून म्हणाल्या, ‘काय रं पोरा, पाव्हणं आलं वाटतं? सरबताला?’

‘नाही मावशी, माशांना.’

‘म्हावरं किती आणलंस?’

‘आणलं नाही. घरात आहे. जिवंत.’

मावशींनी आधी माझ्याकडे, मग पिशवीकडे पाहिलं. ‘अरे, म्हावऱ्याला बरफ मेल्यावर लागतो,’ त्या म्हणाल्या, आणि शेजारणीला हाक मारून त्यांनी हे पुन्हा सांगितलं. मग शेजारणीने पुढच्या बाईला.

त्यांच्या व्यवहारज्ञानाला गणिताचाही आधार आहे. एक किलो बर्फ वितळून टाकीच्या तापमानाला येईपर्यंत जेमतेम साडेचारशे किलोज्यूल उष्णता शोषतो. म्हणजे दोनशे लिटरची टाकी अर्धा अंश उतरते. एक लिटर पाणी नुसतं वाऱ्याने उडालं असतं तर पाच-सहा बाटल्यांचं काम झालं असतं. शिवाय बर्फाने उतरलेलं तापमान तासाभरात पुन्हा चढतं, आणि माशाला एकोणतीस अंशांपेक्षा हा चढउतार जास्त जाचतो. बाटल्या गोठवणारा फ्रिज तर पाठीमागून स्वयंपाकघर तापवत असतो, ते वेगळंच. ज्यांना तिथे उभं राहून पोळ्या लाटायच्या असतात त्यांनी हे एकदा मला बोलून दाखवलं. त्यानंतर फ्रीजरमधली जागा मटारला परत मिळाली.

तिसरा उपाय चिलर. हा श्रीमंती उपाय. दिसायला लहानशा पेटीएवढा, किंमत चांगल्या फ्रिजएवढी. आत तोच कॉम्प्रेसर, तोच वायू, फक्त फिरणारं पाणी खारं असल्यामुळे नळी टायटॅनियमची. पाण्यातली उष्णता तो इमानदारीने काढतो, आणि तेवढ्याच इमानदारीने, वर स्वतःची भर घालून, हॉलमध्ये सोडतो. एका ओळखीच्यांकडे चालू चिलर पाहिला. पाणी सव्वीस, हॉल चौतीस. हॉल तापला म्हणून पाणी तापतं, पाणी तापतं म्हणून चिलर जास्त चालतो, चिलर चालतो म्हणून हॉल तापतो. शेवटी त्यांनी एसी बसवला. एसीने ती सगळी उष्णता गोळा करून खिडकीबाहेर फेकली, शेजाऱ्यांच्या गॅलरीकडे. शेजारी आता एसी घेण्याच्या विचारात आहेत. उष्णता नाहीशी करणारं यंत्र अजून कोणी बनवलेलं नाही; ती दुसऱ्याच्या अंगणात ढकलणारी मात्र हप्त्यांवर मिळतात.

(अलिबागेत विजेबद्दल बोलताना एक गोष्ट आठवते. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर कुलाब्याच्या वेधशाळेतल्या नाजूक चुंबकीय उपकरणांचा जीव धोक्यात आला, म्हणून त्यांच्यासाठी शांत, विजेविना असलेलं गाव शोधलं गेलं, आणि १९०४ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी अलिबागला सुरू झाली. ती अजून चालू आहे. माझ्या दोन पंपांनी त्या चुंबकांना काही त्रास होत नसावा, अशी आशा आहे.)

या अंगणातून त्या अंगणात ढकललेली उष्णता शेवटी जाते कुठे? तर माणसाने वातावरण तापवून जी जादा उष्णता जमवलीय, तिच्यातली नव्वद टक्क्यांच्या आसपास समुद्राने पोटात घेतलीय. म्हणजे त्या बाहेरच्यालाही ताप आहेच. मे महिन्यात आमच्या किनाऱ्यासमोरचा अरबी समुद्र वरच्या थरात तीसच्या आसपास असतो. माझ्या माशांचे लक्षद्वीपकडचे भाऊबंद त्याच पाण्यात राहतात, आणि पंचवीस अंशांचा हट्ट करत नाहीत. हे समजल्यापासून मी लंडनच्या दिवाणखान्यातला आकडा सोडून दिलाय. आमची टाकी उन्हाळ्यात २८-२९ वर असते. पाणी खळखळतं ठेवलं, खाणं थोडं कमी केलं, गर्दी केली नाही, की मासे हिंडतफिरतात.

प्रवाळांचं मात्र तसं नाही. नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानाहून एखादा अंश जास्त आणि तो काही आठवडे टिकला, की प्रवाळ आपल्या अंगातलं शेवाळ बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. ते शेवाळच त्याला जेवू घालत असतं. लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ या वर्षांत हे झालं. तिथे पंखा कोणी लावायचा? कडक सांगाड्याचे सगळे प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, वाघाच्या पंगतीला. त्यामुळे आमच्या टाकीतले खडक मातीचे, भाजून केलेले. क्लाउनफिशनी अजून तक्रार केलेली नाही.

खरं म्हणजे त्या मोठ्या समुद्रावरही पंखा आहे, आणि तो जूनमध्ये सुरू होतो. नैर्ऋत्येचे वारे सुटले की पाण्याची प्रचंड वाफ होते, खालचं गार पाणी घुसळून वर येतं, ढग ऊन अडवतात, आणि मे महिन्यात भारतापेक्षा मोठ्या पसाऱ्यावर तापत पडलेला अरबी समुद्र दोन-तीन अंशांनी उतरतो. उडालेलं पाणी आमच्या कौलांवर येऊन पडतं. एवढं सगळं गोडं पाणी टाकीत परत भरायचं काम सावित्री-कुंडलिका या नद्या करतात. माझ्या कॉम्प्युटरच्या पंख्यात आणि मान्सूनमध्ये तत्त्वाचा फरक काहीही नाही, असं मी मेहुण्याला सांगितलं. तो म्हणाला, ‘पण भाऊजी, तुमचा तो एकोणतीसवर अडकला आहे ना.’

पंखा अती झाला की काय होतं तेही इथे पाहिलंय. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर चढलं. नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, पत्रे उडाले, विजेचे खांब मोडून पडले. काही गावांत दिवे लागायला आठवडे गेले. लोकांची वीस-वीस वर्षांची झाडं गेली होती, तिथे दोन माशांची काळजी बोलून दाखवायला जीभ रेटत नव्हती. पण टाकीतलं पाणी थांबलं होतं. थांबलेल्या पाण्यात हवा जात नाही. मग तांब्याने पाणी उचलायचं आणि हातभर उंचीवरून पुन्हा टाकीत सोडायचं, इतकाच उपाय उरला. धार पडते, बुडबुडे होतात, ऑक्सिजन जातो. पाळ्या लावल्या होत्या. आईची पाळी पहाटेची. अंधारात संथ धार धरून ती बसे. ‘अभिषेक मोडायचा नसतो मध्येच,’ एवढंच म्हणे. सगळे मासे वाचले, आणि बॅटरीवर चालणारा हवेचा पंप हा आमच्या घरात देव्हाऱ्यातल्या समईइतका जपून ठेवण्याचा जिन्नस झाला.

आईचे एक मामा खारेपाटातले. तिकडे घराशेजारी तळं असतं आणि तळ्यात जिताडा. खाडीतून पिल्लं आणून सोडायची, वाढू द्यायची. गोड्या पाण्यात, मचूळ पाण्यात, कुठेही जिताडा रमतो आणि किलोकिलोने वाढतो. ऑस्ट्रेलियात त्यालाच बॅरामुंडी म्हणून मिरवतात. गंमत म्हणजे तोही आधी नर असतो आणि थोराड झाल्यावर मादी होतो. म्हणजे घरी मासे पाळायची रीत रायगडाने लंडनकडून घेतलेली नाही. आणि त्या तळ्याला चिलर लागत नाही. वर ऐसपैस पसरलेला पृष्ठभाग, त्यावरून उघडा वारा, खाली गाळ आणि खोली. पाणी वर तापलं तर मासा तळाशी जाऊन बसतो. माझ्या माशाला खाली जायचं तर दीड फूट. तिथेही एकोणतीसच.

मामा एकदा आमच्याकडे आले. काठी टेकून टाकीसमोर बराच वेळ उभे राहिले. पंखा, पंप, थर्मामीटर, जाळी, सगळं विचारून घेतलं. विजेचं बिल विचारलं. मिठाची किंमत विचारली. मग म्हणाले, ‘मंग खावाचं कवा?’

मी म्हटलं, ‘मामा, हे खायचे नाहीत.’

मामा पुढे काही बोलले नाहीत. जेवताना मात्र त्यांनी आईला हळूच विचारलं, याचा कामधंदा नीट चालतोय ना म्हणून.

किनाऱ्यावर राहून ज्यांना अशी टाकी करावीशी वाटते, त्यांनी पंखा, बॅटरीचा पंप आणि एका जादा फ्रिजएवढं वीजबिल यांचा हिशोब आधी धरावा. टाकी लहान घेऊ नये. लहान पाणी लवकर तापतं. पश्चिमेच्या भिंतीला लावू नये. आणि हा हिशोब परवडत नसेल, तर मे महिन्यात ओहोटीच्या वेळी अलिबागच्या किल्ल्याकडे चालत जावं. वाटेत खडकांच्या खळग्यांत पाणी साचून राहतं. छोटे खेकडे, शंख, गोगलगायी, बोटाएवढे मासे, एखादं समुद्रफूल. वरून ऊन कडक, पाणी हाताला कोमट लागेल असं, आणि ही मंडळी सावलीच्या फटीत अंग चोरून भरतीची वाट बघत असतात. माझ्या टाकीपेक्षा जास्त ताप ती रोज काढतात. बघा, पण दगड उलटला तर जसा होता तसा परत ठेवा, आणि बाटलीत भरून काहीही घरी आणू नका. निघण्याआधी भरतीची वेळ विचारून घ्या. पाणी परत येतं तेव्हा ते किल्ल्याच्या दोन्ही बाजूंनी येतं.